इन्फ्लेमेबल म्हणजे पेटणारं की न पेटणारं?

ग्रिलवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न शब्दाचा आहे म्हणून भाषा विभागात टाकतोय, पण नुसता शब्दाचा नाहीये.

माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ग्रिल, गेट, जिने, पत्र्याच्या शेड असली कामं. मागच्या गुरुवारी जेवून परत आलो तर आमचा नवीन पोरगा ग्राइंडर चालवत होता आणि ठिणग्या जिकडे उडत होत्या तिकडेच जेमतेम चार फुटांवर थिनरचा पाच लिटरचा डबा, झाकण नुसतं टेकवलेलं, वर थिनरनं भिजलेलं फडकं. आधी मेन स्विच पाडला, डबा उचलून बाहेर उघड्यावर नेला, फडकं पाण्याच्या बादलीत टाकलं, मग त्याच्यावर ओरडलो. तर तो पोरगा घाबरत घाबरत म्हणाला, दादा मी वाचूनच ठेवला होता, डब्यावर इन्फ्लेमेबल लिहिलंय, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं, इनकम्प्लीट म्हणजे अपुरं, मग इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारंच ना?

पोरगा बारावी झालाय, हुशार आहे, लेबल वाचायची सवय आहे. आणि नेमकं वाचलं म्हणूनच चुकला. मला त्याला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही, फक्त "पेटतं रे ते" एवढंच म्हणालो. नंतर रॅक बघितला तर दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर त्याच जागी फ्लेमेबल लिहिलंय. एकाच रॅकवर दोन शब्द. आता मला दोन गोष्टी सांगा. दोन्हीत खरंच काही फरक आहे का? आणि मी माझ्या डब्यांवर मराठीत काय लिहू?

---

मी_सोलापूरचा

फ्लेमेबल म्हणजे साधं पेटणारं आणि इन्फ्लेमेबल म्हणजे जास्त जोरात पेटणारं. म्हणूनच पेट्रोलच्या टँकरवर मागे हायली इन्फ्लेमेबल असतं.

---

रसायनीकर

सोलापूरकर, नाही हो. जोर दाखवायला तिथे हायली आहे ना आधीच. इन मुळे जोर वाढत नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ शंभर टक्के एकच, पटकन पेट घेणारं. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता शिफ्टवर आहे. ग्रिलवाले, तोवर तेवढं थिनर वेगळ्या खोलीत हलवा, धागा नंतर वाचा.

---

निवृत्त_मास्तर

ग्रिलवाले, त्या मुलाला रागावू नका. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि मीच वर्गात सांगायचो की इन लागला की अर्थ उलटा होतो, करेक्ट इनकरेक्ट, डायरेक्ट इनडायरेक्ट. फळ्यावर दोन रकाने पाडून लिहून घ्यायचो. त्या मुलानं तोच नियम लावला. नियम अर्धा शिकवला गेला ही त्याची चूक नाही.

लॅटिनमधून इंग्रजीत दोन वेगवेगळे इन आलेत, दिसायला जुळे. एक नकाराचा, जो त्याला माहीत आहे. दुसरा म्हणजे "आत", "मध्ये", कधी नुसता क्रियेला रेटा देणारा. इन्क्लूड, इंजेक्ट, इन्फ्लेट, इनव्हेड, यांत कुठेच नकार नाही. इन्फ्लेट म्हणजे हवा भरणं, हवा काढणं नव्हे. तसंच लॅटिनमध्ये इन्फ्लामारे म्हणजे पेटवणं. त्यावरून इन्फ्लेम, आणि इन्फ्लेम होऊ शकतं ते इन्फ्लेमेबल. शब्द इन्फ्लेम अधिक एबल असा फोडायचा, आपण तो इन अधिक फ्लेमेबल असा फोडतो तिथे घोळ होतो.

गंमत म्हणजे या दोघांत थोरला इन्फ्लेमेबल आहे. तो इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. फ्लेमेबल १८१३ च्या आसपास दिसतो आणि नंतर शंभरेक वर्षं कोणी फारसा वापरतही नाही.

आणि आपल्याकडे असं होत नाही असं समजू नका. आपला "वि" बघा. विफल, विसंगत, विजोड, इथे नकार. विख्यात, विशुद्ध, विज्ञान, इथे उलट जोर. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसानं विख्यात म्हणजे ख्याती नसलेला असा अर्थ लावला तर आपण काय म्हणणार? घोर आणि अघोर घ्या. अघोर म्हणजे मुळात जे घोर नाही ते, शंकराचं सौम्य नाव. आज मराठीत अघोरी म्हटलं की अंगावर काटा येतो.

---

अनुजा_वाचते

मास्तर, किती छान समजावलंत. इनव्हॅल्युएबल बद्दल पण माझा असाच गोंधळ व्हायचा, म्हणजे कवडीमोल की काय असं वाटायचं.

---

निवृत्त_मास्तर

अनुजाताई, तिथे मात्र इन खरोखर नकाराचाच आहे. किंमत करताच येत नाही इतकं मोलाचं. आपला अनमोल तंतोतंत तसाच, अमूल्य पण. नकार किंमतीला नाही, किंमत करण्याला आहे. म्हणून नुसतं "इन म्हणजे नाही" किंवा "इन म्हणजे आत" पाठ करून भागत नाही, एकेक शब्द उघडून बघावा लागतो.

---

प्रश्नचिन्ह

मी एका साईटवर वाचलं होतं की इन्फ्लेमेबल म्हणजे बाहेरून आग न लावता आपोआप पेटू शकणारं आणि फ्लेमेबल म्हणजे काडी लावल्यावर पेटणारं. म्हणजे फरक आहे ना?

---

रसायनीकर

प्रश्नचिन्ह, हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं आणि ते चूक आहे. कुठलीही चांगली डिक्शनरी उघडा, दोन्हीला एकच अर्थ दिलेला सापडेल. हवेचा स्पर्श झाला की आपोआप पेटणाऱ्या पदार्थांना पायरोफोरिक असा वेगळा शब्द आहे. पांढरा फॉस्फरस शाळेच्या लॅबमध्ये पाण्यात बुडवून ठेवलेला असायचा तो याच कारणासाठी. पेट्रोल तसं नाही, त्याला ठिणगी लागते. म्हणून माझी कळकळीची विनंती, हा आपोआपवाला फरक कोणाला फॉरवर्ड करू नका. नाहीतर उद्या कोणीतरी फ्लेमेबल वाचून म्हणेल की हे आपोआप पेटत नाही, राहू दे इथेच.

आता सकाळी म्हणालो होतो ते. मी केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीचं काम करतो, बावीस वर्षं झाली. आमच्या कामात खरा फरक ज्या दोन शब्दांत आहे ते म्हणजे फ्लेमेबल आणि कम्बस्टिबल. लाकूड, कागद, कोळसा, जाड तेलं, हे कम्बस्टिबल, म्हणजे जळतं, पण आधी तापवावं लागतं. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन हे फ्लेमेबल, म्हणजे ठिणगीची वाटच बघत बसलेलं. द्रवाच्या बाबतीत ही रेघ फ्लॅश पॉइंटवर आखतात.

फ्लॅश पॉइंट नुसता वाचून डोक्यात बसत नाही, एकदा बघावा लागतो. लॅबमध्ये एबल नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या नावाचं उपकरण असतं, पितळी कप, वर झाकण, झाकणाला बारीक खिडकी. कपात तेल घालून अगदी हळू तापवायचं आणि ठरावीक अंशांनी खिडकी उघडून मण्याएवढी ज्योत आत दाखवायची. काही होत नाही, काही होत नाही, आणि मग एका अंशाला तेलाच्या वर निळसर लकेर पसरते आणि विझते. तो आकडा म्हणजे फ्लॅश पॉइंट. त्या क्षणी द्रव नाही पेटलेला, त्याच्यावर तरंगणारी वाफ पेटली. ग्रिलवाले, तुमच्या डब्याचं झाकण नुसतं टेकवलेलं होतं म्हणालात ना, धोका डब्यातल्या थिनरपेक्षा झाकणाच्या फटीतून बाहेर आलेल्या वाफेचा होता. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. चार फूट म्हणजे काहीच नाही.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० च्याही खाली, म्हणजे आपल्याकडे कुठल्याही ऋतूत ते कायम पेटायला तयार. आपल्याकडच्या पेट्रोलियमच्या नियमांत २३ अंशांच्या खाली अ वर्ग, २३ ते ६५ ब, ६५ ते ९३ क. तिथे फ्लेमेबल की इन्फ्लेमेबल असा वाद कोणी घालत नाही, आकडा बघतात.

---

चंद्रपुरी_ऊन

रसायनीकर, आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, कधी ४७ पण बघितलाय. डिझेलचा फ्लॅश पॉइंट किती?

---

रसायनीकर

तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट कमीत कमी ३५ अंश पाहिजे, रॉकेलचाही ३५. युरोपात डिझेलला ५५ लागतो. म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी उन्हात ठेवलेलं डिझेलचं बॅरल फ्लॅश पॉइंटच्या वर गेलेलं असू शकतं. पुस्तकात ते पेट्रोलपेक्षा सौम्य, आणि बारा महिन्यांतले दहा महिने ते खरंही आहे, पण त्या दुपारी ते पेट्रोलसारखंच वागतं. डिझेलला काही होत नाही हो, काडी टाकली तरी विझते, असं छातीठोक सांगणारे ड्रायव्हर मी भरपूर बघितलेत. त्यांनी ते डिसेंबरात बघितलेलं असतं.

---

चंद्रपुरी_ऊन

आमच्या ट्रॅक्टरचं डिझेल पत्र्याच्या शेडमध्येच असतं, भिंतीला टेकून. आजच हलवतो. धन्यवाद दादा.

---

हार्टफर्डवासी

इकडे अमेरिकेत ट्रकवर लाल चौकोन टोकावर उभा केलेला असतो, वर ज्वाळेचं चित्र, खाली ३ आकडा आणि फ्लेमेबल. इन्फ्लेमेबल मी इकडे पंधरा वर्षांत टँकरवर बघितलाच नाही. पुण्याला आले की मात्र हायवेवर लगेच दिसतो.

याचं कारण माझ्या कामामुळे माहीत आहे, मी इन्शुरन्समध्ये आहे. १९२० च्या दशकात इथल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं ठरवून फ्लेमेबल शब्द पुढे आणला. भीती तीच जी ग्रिलवाल्यांच्या मुलाच्या बाबतीत खरी ठरली, इन बघून माणूस न पेटणारं समजेल. ब्रिटनमध्ये तिथल्या स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननं १९५९ मध्ये तेच केलं, फ्लेमेबल आणि नॉन-फ्लेमेबलच वापरा म्हणून. म्हणजे मास्तर म्हणतात तो धाकटा शब्द शंभर वर्षं पडून होता आणि आगीच्या भीतीनं त्याला परत उठवलं. माणसं मरू नयेत म्हणून एखादा शब्द मुद्दाम बदलला गेला अशी उदाहरणं फार नसतील, मला तरी हे कायम भारी वाटत आलंय.

अजून एक, आमच्या गावचीच गोष्ट. बेंजामिन व्होर्फ म्हणून मोठा भाषाशास्त्रज्ञ होऊन गेला. तो एमआयटीत केमिकल इंजिनिअरिंग शिकला आणि १९१९ पासून इथल्याच एका फायर इन्शुरन्स कंपनीत नोकरीला होता, आगी का लागतात ते शोधायचं काम. त्यानं लिहून ठेवलंय की पेट्रोलच्या भरलेल्या ड्रमजवळ लोक जपून वागतात आणि "रिकाम्या" ड्रमजवळ बिनधास्त सिगरेट ओढतात. खरं तर रिकामा ड्रम जास्त धोक्याचा कारण आत वाफ भरलेली असते. रिकामा हा शब्दच माणसाला सांगतो की आत काही नाही.

---

वेल्डरकाका

रिकाम्या ड्रमचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, टायपिंग हळू आहे सांभाळून घ्या.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. मी ज्या वर्कशॉपमध्ये शिकलो तिथे आमचा एक जोडीदार पाण्याच्या टाकीसाठी जुना ड्रम गॅस कटरनं कापायला बसला, ड्रम महिनाभर उन्हात पालथा पडलेला होता, वास सुद्धा येत नव्हता असं तो म्हणाला होता, मी पाच मिनिटांपूर्वी त्याच्या शेजारीच बसलो होतो आणि चहा सांगायला टपरीवर गेलो, टपरीवर पोचलो तोच आवाज आला. ड्रमचा तळ उडून समोरच्या भिंतीत रुतला होता. जोडीदार वाचला पण उजवा हात गेला आणि एका कानानं ऐकू येणं बंद झालं. त्या ड्रमवर इंग्रजीत इन्फ्लेमेबलच लिहिलेलं होतं, आम्हाला कोणालाच वाचता येत नव्हतं. वाचता आलं असतं तरी त्या पोरासारखं झालं असतं का काय माहीत.

तेव्हापासून मी ड्रम कापायला घेत नाही. कोणी कितीही पैसे देऊ दे.

---

अनुजा_वाचते

काका, वाचून सुन्न झाले.

---

रसायनीकर

काका, तुम्ही करता तेच बरोबर. पाणी भरून कापा, वाफ देऊन कापा असे सल्ले लोक देतात, पण ते तपासणीची साधनं आणि माहितगार माणूस असेल तिथेच. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्का झाली तरी स्फोटाला पुरते. वास आला तरी वाफ किती साठलीय ते नाकाला कळत नाही, आणि नाक सरावलं की वासही कळत नाही. छोट्या वर्कशॉपनं जुना ड्रम कापूच नये, नवा पत्रा आणावा.

---

डॉ_कोकणकन्या

थोडं अवांतर पण शब्दाच्या बाजूनं. फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल यांच्यात एक फरक वापरात आहे असं मला वाटतं. वस्तूंसाठी दोन्ही चालतात, पण माणसाच्या स्वभावाला किंवा परिस्थितीला इन असलेलंच घराणं लागतं. भडकाऊ भाषणाला इन्फ्लेमेटरी म्हणतात, फ्लेमेटरी असा शब्दच नाही. चटकन भडकणाऱ्या माणसाला जुन्या इंग्रजीत इन्फ्लेमेबल म्हटलेलं सापडतं, फ्लेमेबल म्हटलं तर त्याच्या कपड्यांना आग लागेल असं वाटतं.

आणि आमचा रोजचा शब्द इन्फ्लेमेशन त्याच मुळाचा. लाली, उष्णता, सूज, वेदना ही त्याची चार लक्षणं पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससनं सांगितली, ती आजही पहिल्या वर्षाला तशीच शिकवतात. आपल्या पूर्वीच्या लोकांनी मराठीत त्याला दाह म्हटलं, आंत्रपुच्छदाह (अपेंडिसायटिस) वगैरे. दाह म्हणजे जळणं. लॅटिनवाल्यांना सुजलेल्या जागी आग दिसली, आपल्यालाही आगच दिसली. पेशंट तर रोज म्हणतात, डॉक्टर नुसती आग आग होतेय.

तुमच्या त्या मुलाला सांगा, गोळीवर अँटी-इन्फ्लेमेटरी वाचलं असशील ना, ती सूज वाढवते की कमी करते? कमी करते. मग इन्फ्लेम म्हणजे पेटणंच. हे उदाहरण पटकन लक्षात राहतं, मी माझ्या भाच्याला असंच सांगितलं होतं.

---

मी_सोलापूरचा

माझं पहिलं उत्तर चुकीचं होतं, मागे घेतो. सॅनिटायझरच्या बाटलीवर पण बघितलं आत्ता, माझ्याकडच्या एकावर फ्लेमेबल आहे, एकावर इन्फ्लेमेबल. करोनाच्या काळात आई सॅनिटायझर लावून तशीच गॅसपाशी जायची, तेव्हा कोणी टोकलं नाही.

---

रसायनीकर

सत्तर टक्के अल्कोहोलवालं सॅनिटायझर साधारण १७ अंशांना फ्लॅश होतं. म्हणजे वर्षभर पेटायला तयार. हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही, आणि त्याची ज्योत फिकट असते, उजेडात पटकन दिसतही नाही.

---

भाषांतर_करते

मूळ प्रश्नाकडे, मराठीत काय लिहायचं. मी मॅन्युअल आणि लेबलं भाषांतर करते, दोन शब्द माझ्या कायम हाताशी असतात. ज्वालाग्राही आणि ज्वलनशील. लोक सरसकट एकाच्या जागी दुसरा वापरतात, पण शब्द कसे झालेत बघा. ज्वलनशील म्हणजे जळणं हा ज्याचा स्वभाव आहे ते, लाकूड सुद्धा त्यात आलं. ज्वालाग्राही म्हणजे ज्वाला पकडणारं, झडप घालून घेणारं. म्हणून मी कम्बस्टिबलला ज्वलनशील आणि फ्लेमेबल, इन्फ्लेमेबल दोन्हींना ज्वालाग्राही लिहिते. इंग्रजीला जे १९२० नंतर ठरवून करावं लागलं ते आपल्या ज्वालाग्राहीत आधीपासून आहे, त्याला नकार लावायचा तर अ लावावा लागेल, तो कोणाला चुकून दिसणार नाही.

पण खरं सांगायचं तर ग्रिलवाले, तुमच्या वर्कशॉपमध्ये ज्वालाग्राही कोण वाचणार? माझं क्लायंटसोबत नेहमी याच्यावरून भांडण होतं. तुमच्याकडे बाहेरच्या राज्यातली मुलं असतील तर त्यांना ज्वलनशील लगेच कळेल, हिंदीत टँकरवर तेच असतं. घरातल्या मराठीत आपण काय म्हणतो? पेट घेतं. भडका उडतो. ते लिहा.

---

निवृत्त_मास्तर

भाषांतरताई, अगदी मनातलं बोललात. भडका. या शब्दात आवाज पण आहे.

---

प्रश्नचिन्ह

पण मग डब्यावरचं इंग्रजी इन्फ्लेमेबल खोडायचं का? कंपनीचं लेबल खोडलेलं चालतं का?

---

रसायनीकर

मूळ लेबल अजिबात खोडू नका, फाडू नका. काही झालं तर फायर ब्रिगेड आणि डॉक्टर तेच बघतात. आपलं लिखाण शेजारी मोकळ्या जागेत करा. आणि लाल चौकोनातलं ज्वाळेचं चित्र असेल तर ते झाकलं जाऊ देऊ नका. ते चित्र जगभर एकच आहे, युनोच्या लेबल पद्धतीतलं, मुद्दाम असं केलंय की भाषा आली नाही तरी कळावं. दुसऱ्या बाटलीत थिनर ओतून घेत असाल, तर त्या बाटलीवर सुद्धा लिहा. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त घोळ पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतलेल्या थिनरनं होतात.

---

ग्रिलवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस धागा वाचतोय, दोनदा पोरांना मोठ्यानं वाचून दाखवला. वेल्डरकाकांचं वाचलं तेव्हा कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे मागच्या बाजूला दोन जुने ड्रम पडलेत, कापून कोळशाची शेगडी करू म्हणून ठेवले होते. काल भंगारात सुद्धा दिले नाहीत, कारण भंगारवाला पण कापणारच. ज्याच्याकडून घेतले होते त्याला परत नेऊन दिले आणि का ते सांगितलं.

थिनर, ॲसिटोन, प्रायमर सगळं आता मागच्या खोलीत, ग्राइंडरपासून मधे भिंत. फडक्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा केला.

लिहायचं काम त्याच पोराला दिलं. लाल रंग, बारीक ब्रश. त्यानं प्रत्येक डब्यावर कंपनीच्या लेबलच्या शेजारी आधी मराठीत लिहिलं, "भडका उडतो, ठिणगी लांब", खाली हिंदीत "ज्वलनशील" कारण आमच्यात दोघं गोरखपूरचे आहेत. मग थांबला आणि मला विचारलं, दादा, खाली इंग्रजी पण लिहू का? म्हटलं लिही. त्यानं फ्लेमेबल लिहिलं. इन न लावता.

मास्तर, त्यानं तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय. इन्फेमस मधला इन कुठला?

---

निवृत्त_मास्तर

त्याला सांगा, नकाराचा. पण ख्याती नसलेला नव्हे, चांगली ख्याती नसलेला. कुख्यात. आणि त्याला म्हणावं इथे स्वतःचा आयडी काढ, असे प्रश्न विचारणारी मुलं मला हवी आहेत.